फारेष्टरीण

१८ ऑक्टोबर १९९६

आज परत एक कोंबडा. पाय सुंभाने बांधून ओटीच्या खांबाला उलटा लटकावून कोणीतरी गेलं. सकाळी दार उघडलं तर ओटीभर घाण, आणि तो खाली डोकं वर पाय माझ्याकडे बघतोय. सोडला, पाणी पाजलं.

ह्यांना विचारलं, कोणी दिला. म्हणाले, "वाडीवरनं आला असेल. प्रमोशन झालं ना." म्हणजे कोंबडा आपल्या पायांनी अभिनंदन करायला आला.

फिनेल टाकून ओटी धुतली. वास जात नाही.

२२ ऑक्टोबर

दारावर पाटी लागली. 'वनपाल' आणि खाली ह्यांचं नाव. इतकी वर्षं गार्ड होते, आता एक पायरी वर. पाटी बघून खूश नाहीत. "फॉरेस्टर लिहायला पाहिजे होतं. वनपाल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. कोणी उठून उभं राहत नाही."

विहिरीवर गेले तर बायका बाजूला सरल्या. "फारेष्टरीन आली, सरा गो." काल माझा नंबर शेवटचा होता. आज पहिली भरून परत आले. बरं वाटलं. लिहून ठेवते, उद्या नाकारायला नको.

१३ नोव्हेंबर

अण्णा मुरबाडहून राहायला आलेत. माझे वडील, जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तर. पाटी वाचून तिचा अर्थ लावल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. चपला काढता काढता सुरू. "पाल म्हणजे पाळणारा. गोपाळ गाई पाळतो, वनपाल वन पाळतो. चांगला शब्द आहे, जावईबापू."

मीनू म्हणाली, "मला वाटलं वनातली पाल." तिसरीत आहे, तिला भिंतीवरचीच पाल ठाऊक. सगळे हसले. हेही.

जेवताना ह्यांनी विचारलं, "आणि फॉरेस्टर म्हणजे काय मग?" अण्णांची कळी खुलली. म्हणाले, फॉरेस्ट म्हणजे मुळात झाडी नव्हेच. तो शब्द लॅटिनमधल्या 'बाहेर' ह्या अर्थाच्या शब्दावरून आला. तिकडच्या राजांनी शिकारीसाठी जमीन राखून ठेवली आणि लोकांना तिच्या बाहेर काढलं, ते फॉरेस्ट. तिथे झाड असो, नसो. फॉरेस्टर म्हणजे राजाची हरणं राखणारा आणि माणसं हाकलणारा शिपाई.

"म्हणजे बरोबरच आहे की," हे म्हणाले.

अण्णांना तो विनोद वाटला. ह्यांनी आणखी एक पोळी मागितली.

२ डिसेंबर

हिरा मोळी टाकून गेली. वरच्या ठाकूरवाडीतली, माझ्याच वयाची असावी. डोळखांबच्या बाजाराच्या आदल्या दिवशी येते, मागच्या पडवीत लाकडं रचते, जाते. कधी काही मागत नाही. आज तिला थांबवलं, चहा दिला. विचारलं, तू का आणतेस गं ही लाकडं?

"नाय आणली तं कोयता काढून घेतंत बाय. मंग भाजी काय बोटांनी चिरू?"

कोण काढून घेतं, असं मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. चेष्टा करते की काय, असं वाटलं असणार तिला. मग हळूच म्हणाली, "फारेष्टर." कप विसळून पालथा ठेवला आणि गेली.

ह्यांना रात्री जेवताना विचारलं. "अगं, मनाने आणतात. रानात जायचंच असतं, त्यात आपली एक मोळी." रस्सा भुरकत होते. हनुवटीवर तेल.

५ डिसेंबर

बंब पेटवला नाही. मीनूला गार पाण्याने आंघोळ घातली. रडली.

६ डिसेंबर

बंब पेटवला.

११ जानेवारी १९९७

दिवेलागणीला बैलगाडी आली, वर पेंढा. पेंढ्याखाली सागाच्या फळ्या. बरोबर देसले गार्ड, ह्यांच्या हाताखालचा. फळ्या ओल्या होत्या, कातड्यासारखा वास. मागच्या पडवीत रचल्या, वर प्लास्टिक आणि त्याच्यावर हिराने आणलेल्या मोळ्या.

गाडी हाकणारा माणूस काळासा, बारीक. फळ्या उतरवताना त्याचा खांदा सोलवटला. मी चहा दिला तर अंगणातच उकिडवा बसून प्यायला. देसले त्याला म्हणाला, "काळू, आता ही गाडी विसरायची." तो म्हणाला, "कंची गाडी?" दोघं हसले.

हे म्हणाले, मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न आहे. दिवाण आणि कपाट करायचंय. उरलं त्यात आपलंही एक कपाट.

"तोडायच्या झाडावर खातं शिक्का मारतं ना? ह्याच्यावर कुठे आहे?"

"तू कधीपासून शिक्के बघायला लागलीस?"

२ फेब्रुवारी

शहापूरच्या सुताराकडून कपाट आलं. आरसा, कडीला पितळी फूल. पॉलिशच्या वासाने माझं डोकं उठलंय, पण हे खिडकी उघडू देत नाहीत, धूळ बसेल म्हणून. स्वतःच्या रुमालाने पुसत होते. पुसता पुसता बोलायला लागले, एरवी टोकावड्याच्या आपल्या लहानपणीच्या घराबद्दल कधी बोलत नाहीत.

"आमच्या दारात फॉरेस्टर यायचा. बाप खाटेवरनं उठायचा. त्याला खाटेवर बसवायचा, आपण खाली उकिडवा. नांगराला लाकूड पाहिजे असलं की त्याच्या पायाशी. एकदा त्याने आमच्या देखत बापाला चपला उचलायला लावल्या. तेव्हाच ठरवलं मी काय व्हायचं ते."

"त्याच्यासारखं?"

"मग काय बापासारखं?"

कपाटात माझी लुगडी लावली. चांगली राहतील म्हणे, सागाला कसर लागत नाही.

९ फेब्रुवारी

लग्नाच्या वर्षी टोकावड्याच्या मागच्या डोंगराला वणवा लागला होता. तेव्हा हे साधे गार्ड. ओल्या फांदीने एकटे झोडपत राहिले, चपला वितळून तळव्यांना चिकटल्या. मी खोबरेल लावायचे तर म्हणायचे, "घरट्यातली पिल्लं भाजून खाली पडतात गं, बघवत नाही." त्या माणसाशी माझं लग्न झालं होतं. आज का आठवलं कोण जाणे. कपाटाच्या आरशात घोरताना दिसले म्हणून असेल.

२६ फेब्रुवारी

वरून तपासणीचं पथक आलं, न कळवता. वाडीच्या वरच्या अंगाला सागाचे ताजे खुंट सापडले. हे दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले ते थेट मोरीत, ओकले. शर्टाला घामाचा वास. मी पाठीवरून हात फिरवला.

मोठे साहेब म्हणालेत, आरोपी पाहिजे.

२७ फेब्रुवारी

आरोपी मिळाला. काळू. गाडी हाकणारा तोच. त्याच्या झोपडीत सागाचा एक वासा निघाला, कुऱ्हाड निघाली. कुऱ्हाड वाडीत कोणाच्या घरात नसते? देसलेने त्याला अंगणातून उचललं. खात्याच्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये ठेवलाय, उद्या शहापूरला हजर करणार.

हे आज जेवले. दोनदा भात घेतला.

काळू हिराचा नवरा, हे मला आज विहिरीवर कळलं.

२८ फेब्रुवारी

खाकी शर्ट धुवायला टाकला होता. बाहीला डाग. पाण्यात घातल्यावर कळलं कसले ते. साबण लावला, घासला, पाणी लालसर होऊन मोरीतून गेलं. हात धुतले. परत धुतले. मग मोरीतच उलटी झाली. परवा ह्यांची झाली होती त्याच जागी.

संध्याकाळी शर्ट उजेडात धरून मलाच म्हणतात, "काय गं, डाग गेला नाही का पुरता?"

आजपासून ह्या वहीत 'हे' लिहिणार नाही. फॉ. लिहीन. फॉरेस्टरचा फॉ. त्यांनाच तो शब्द आवडतो.

१ मार्च

हिरा आली. पहिल्यांदाच पुढच्या दाराने. पायरीच्या खाली उभी राहिली, वर ये म्हटलं तर आली नाही.

"बाय, त्याच्या कानातनं पाणी येतंय. काय विचारलं तं आयकू येत नाय."

मी म्हटलं, मी बोलते.

"झाड त्यानंच तोडलं, मी नाय कुठं म्हणते. तोड म्हणाले, तोडलं. वाहून दे म्हणाले, वाहून दिलं. पण कुणासाठी तोडलं ते तुला ठावं हाय." ओरडून बोलली नाही. दारातून आत बघत होती, कपाट तिथून दिसतं. आरशात ती स्वतःला दिसत असणार.

मग म्हणाली, "उद्या मोळी आणू ना?"

मी दार लावून घेतलं. आतल्या बाजूने कडीला हात लावून उभी राहिले, ती जाईपर्यंत.

२ मार्च

फॉ.शी बोलले.

"खुंटाला कोणीतरी धनी लागतो. वर उत्तर द्यावं लागतं. मी लिहू का माझं नाव?"

"लिहा."

हसायला लागला. खरंच हसला, ठसका लागेपर्यंत. मग म्हणाला, "आणि मीनू काय खाईल? तुझ्या अण्णांचे शब्दार्थ?"

"त्याला मारलं कोणी?"

"पडला तो."

"बाहीवर पडला का?"

उठून गेला. थाळीत हात धुऊन. थाळीत हात धुतलेला मला चालत नाही हे त्याला लग्नापासून माहीत आहे.

१९ मार्च

काळू जामिनावर सुटला. डावा कान गेला. हिरा परत मोळी टाकून गेली, मी मुद्दाम बाहेर आले नाही.

विहिरीवर रांग होती. मी मागे उभी राहिले. कोणी बादली सोडेना. सगळ्या थांबल्या. म्हटलं, भरा ना तुम्ही, मी आहे मागे. एकही हलली नाही. म्हातारी होती एक, तिच्या डोक्यावर ऊन. म्हणाली, "तू भर गो आदी. आमी कशा भरू?" रागाने नाही, नेहमीच्या आवाजात. मी भरल्याशिवाय वाडीची विहीर पुढे जाईना. शेवटी भरली. दोर ओढताना सगळ्या माझ्या हाताकडे बघत होत्या. घरी येऊन हंडा ओतून दिला.

११ मे

मीनूला सुट्टी आहे. ती आणि गार्डांची पोरं मागच्या अंगणात खेळत होती, मी पापड वाळत घालत होते. मीनू पालथ्या टोपलीवर बसलेली. पोरं एकेक काटकी आणून तिच्या पायाशी ठेवत होती. एकीने उशीर केला तर मीनू म्हणाली, "आणत नाहीस? कोयता काढून घेईन हां." आणि पाय पुढे केला. त्या पोरीने खाली वाकून तिची चप्पल सरळ केली.

मी मीनूला मारलं. आजवर कधी हात लावला नव्हता. ती रडत म्हणाली, "मी फॉरेस्टर होते, खेळात."

पाच बोटं उमटली गालावर. फॉ.ने विचारलं तर सांगितलं, खोटं बोलली म्हणून मारलं. खोटं मीच बोलले. पोर काय खोटं बोलली होती?

८ जून, मुरबाड

मीनूला इथल्या शाळेत घातलं. अण्णांकडे राहील. आईला आनंद झाला. अण्णांना एकटं गाठून सगळं सांगितलं, गाडीपासून कानापर्यंत. तपकिरीची डबी हातात तशीच धरून ऐकत होते. वाटलं, अण्णा तरी काही म्हणतील. लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, शब्द उच्चारला की त्याची जबाबदारी येते.

म्हणाले, "तू ते पाहिलं नाहीस."

"पाहिलं मी, अण्णा."

"पाहिलं नाहीस असं समज. मीनूचं पुढे लग्न व्हायचंय. संसार आहे तुझा. आणि जावयाचं तरी काय चुकलं, वरच्यांनी सांगितलं ते केलं."

चिमूट नाकात ओढली, शिंकले, धोतराच्या सोग्याने पुसलं. मला एकदम त्यांचा वीट आला. त्यांच्या धोतराचा, व्युत्पत्तीचा, भिंतीवरच्या निरोप समारंभाच्या फोटोचा. 'वनपाल म्हणजे पाळणारा.'

उद्या परत जायचं. नाही गेले तर कुठे जाणार.

२० नोव्हेंबर

हिरा-काळू भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. दरवर्षी पौषात जातात म्हणे, ह्या वर्षी भात झोडपून लगेच. मोळी आता दुसरी बाई आणते. तिचं नाव मी विचारलेलं नाही.

३ ऑगस्ट १९९८

खूप दिवसांनी वही उघडली. लिहायला काय आहे? पाऊस. कपाटाला बुरशी धरत नाही. फॉ.चं वजन वाढलंय, पट्ट्याला नवं भोक पाडलं. जंगल सप्ताहात शाळेच्या पोरांपुढे भाषण केलं, 'वृक्ष आपले मित्र.' मी पहिल्या रांगेत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागे वाडीतली काही बापे माणसं उभी होती, भाषण संपेपर्यंत कोणी खाली बसलं नाही.

घरी येऊन विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, चांगलं. आवाज चांगला आहेच त्याचा.

१४ नोव्हेंबर १९९९

डोळखांबच्या बाजारात हिरा भेटली. भट्टीवर जाण्याआधी मीठमिरची घेत होती. वाळली आहे. बरोबर एक वकीलबाई, कल्याणची, तरुण, पाठीला पिशवी. काळूचं वकीलपत्र तिने घेतलंय.

वकीलबाई काही बोलायच्या आत हिराच म्हणाली, "तारखा पडतंत नुसत्या. भट्टीवरनं यावं लागतं, मुकादम खाडे धरतो. बाय, तू सांगशील का कोर्टात? गाडी तुज्या घरी आली होती, येवढंच."

मी सुकटीचे पैसे मोजत राहिले.

"नाय सांगितलंस तरी मी काय बोलणार नाय तुला. तुजा नवरा हाय."

वकीलबाई म्हणाली, विचार करा, घाई नाही. नवऱ्याविरुद्ध नाही, काळूच्या बाजूने साक्ष आहे. मी मान हलवली, कशाला हलवली ठाऊक नाही. सुकट घेतलेली दुकानावरच विसरले.

१५ नोव्हेंबर

नाही म्हणून कळवायचं.

१७ नोव्हेंबर

कळवलं नाही.

६ फेब्रुवारी २०००

आज देसले जेवायला होता. दोघं ओटीवर, मी वाढत होते. दुसऱ्या वाडीतल्या कोणाची तरी गोष्ट चालली होती. देसले म्हणाला, "कानफटीत एकच दिली साहेब, तर काळूगत बहिरा व्हायला लागला." फॉ. म्हणाला, "तू डाव्या हाताने देत जा. उजव्याने कान जातो, मग कोर्टात कटकट." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाकरी आण."

भाकरी आणली. वाढली. भांडी घासली.

मग वकीलबाईंना दोन ओळी लिहिल्या. साक्ष देईन. पोस्टात टाकायला उद्या स्वतः जाणार.

२ मे

फॉ.ला कळलं. साक्षीदारांत माझं नाव आहे, देसले शहापूरहून ऐकून आला.

मला वाटलं होतं मारेल. मारलं नाही. दुपारी टेम्पो बोलावला, कपाट टोकावड्याला भावाकडे पाठवलं. लुगडी काढून जमिनीवर ढिगाने टाकली. मग जिथे कपाट होतं त्या जागी भिंतीला टेकून खालीच बसला.

"नोकरी जाईल माझी. मोठ्या साहेबाला काही होणार नाही. देसले माफीचा साक्षीदार होईल. मी एकटा जाईन." रडत होता. "तू माझी बायको आहेस का त्यांची कोण?"

मला कीव यायला हवी होती. थोडी आलीसुद्धा. मग त्याने नाक शिंकरून हात सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "त्या काळ्याचा एक कान गेला म्हणून एवढं? दुसरा आहे ना." आलेली कीव गेली.

९ मे

माझ्या हातचं जेवत नाही. देसलेच्या घरून डबा येतो. मी माझ्यापुरता भात टाकते. तो ओटीवर, मी आत. आज डब्यात मासे होते, काटे माझ्या उंबऱ्यावर काढून ठेवले.

१ जून

अण्णा आले होते. पाटीकडे बघितलं नाही. "सुलू, साक्ष फिरव. आठवत नाही म्हण. आठवत नाही म्हणण्यात खोटं काही नसतं."

"अण्णा, पाल म्हणजे पाळणारा ना?"

"तो शब्द झाला."

"मग हे काय आहे?"

मीनूची प्रगती चांगली आहे म्हणाले, मराठीत पहिली. दुपारच्या गाडीने गेले. माझा राग येऊन गेले की स्वतःचा, कळलं नाही. डब्यात आईने दिलेले लाडू होते. खाल्ले.

१२ डिसेंबर, शहापूर

कोर्टाची तारीख. एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी मी आणि फॉ. एकाच गाडीने आलो, दुसरी गाडीच नाही. तो पुढे ड्रायव्हरमागे, मी मागे. कोर्टाच्या व्हरांड्यातही तसंच. तो गणवेशात, इस्त्री करून, एका बाकावर. दुसऱ्या बाकावर हिरा आणि काळू. मी कुठे बसू हे कोणी सांगितलं नव्हतं. हिरा सरकली. बसले. तिच्या अंगाला भट्टीच्या राखेचा वास.

पुकारा झाला. आत एका माणसाने नाव, वय विचारलं. मग "धंदा?" म्हटलं, घरकाम. त्याने वर न बघता विचारलं, "नवरा काय करतो?" मी म्हटलं, फॉरेस्टर. त्याने 'वनपाल' लिहिलं.

वकीलबाईंनी विचारलं तेवढं सांगितलं. गाडी आली, फळ्या होत्या, देसले बरोबर होता, हा माणूस हाकत होता, आमच्या घरी उतरल्या, त्याचं कपाट झालं. सांगताना आवाज फाटला नाही. वाटलं होतं तितकं कठीण नव्हतं. कठीण पुढे होतं.

सरकारी वकील वयस्क, सभ्य. "बाई, झाड तोडताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग त्या फळ्या ह्याच खुंटांच्या, हे कशावरून?"

उत्तराला न थांबता त्यांनी पुढचं विचारलं.

"कपाट कुठे आहे?"

"टोकावड्याला."

"म्हणजे तुमच्या घरी नाही. नवऱ्याशी तुमचं पटतं का? एका घरात वेगळं जेवता, हे खरं?"

"खरं."

"मुलगी माहेरी ठेवलीत. खरं?"

"खरं."

"म्हणजे राग आहे तुमचा."

मी म्हटलं, "राग नाही. किळस येते." टाइप करणाऱ्याने बोटं थांबवली. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी परत सांगितलं. ते म्हणाले, "ते लिहायची गरज नाही."

पुढची तारीख जानेवारीची. तेव्हा दोन्ही वकील बोलणार, मग निकाल, कधी ते माहीत नाही. वकीलबाई म्हणाली, चांगलं झालं. तिच्या तोंडावरून तसं वाटत नव्हतं.

बाहेर काळूने विचारलं, "काय म्हणाली?" हिराने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "बाय बोलली. सगळं बोलली." आजूबाजूचे लोक बघायला लागले. तो माझ्याकडे बघून हसला, दात काळे पडलेत. मग ते दोघं भिवंडीच्या जीपकडे पळाले. उद्या हजेरी चुकवून चालत नाही.

मी स्टँडवर. मुरबाडची गाडी लागलीय, मीनूची शाळा सुटायच्या वेळेला पोचेल. शेजारच्या फलाटावर डोळखांबची, आमच्या घराकडची. फॉ. तिच्यात चढलाय, खिडकीजवळ बसलाय. टोपी काढून मांडीवर. गर्दी वाढतेय. आत्ता त्याने शेजारच्या सीटवर रुमाल टाकला. एका माणसाने तो उचलायला हात घातला, तर त्याला म्हणाला, कोणीतरी येतंय. काचेतून आवाज आला नाही, ओठ दिसले.

माझ्याकडे बघत नाहीये. समोर बघतोय.

दोन्ही कंडक्टर चहा पिताहेत.